देव जाणे आणि चेरीबाई

गेल्या आठवड्यात संपादकांकडे दिलेल्या माझ्या मजकुरात एक साधं वाक्य होतं. ‘हे काम यंदा होईल की नाही, देव जाणे.’ छापून आलं ते असं: ‘हे काम यंदा पूर्ण होईल किंवा कसे, याबाबत अनिश्चितता आहे.’ मी फोन केला. संपादक म्हणाले, आम्ही हात लावलेला नाही. पानं लावणारा मुलगा म्हणाला, मीही नाही. मग उलगडा झाला. कचेरीतल्या संगणकांवर नवा लेखनसहायक बसवलाय आणि तो मजकूर उघडल्याबरोबर न विचारता त्याची हजामत करतो. वस्तरा कुठे फिरला याची खूणसुद्धा ठेवत नाही.

वाक्य बिघडल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. माझी वाक्यं बिघडवण्याचा हक्क उपसंपादकांकडे कधीचाच आहे आणि निम्म्या वेळा त्यांचं बरोबर असतं. पण उपसंपादकाशी भांडता येतं. ‘का बदललंस?’ विचारलं की तो काहीतरी कारण देतो, मग चहा होतो. या सहायकाशी भांडायला जायचं कुठे?

फेब्रुवारीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लॉरिंडा चेरींवर लिहायचं हा या स्तंभाचा रिवाज आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या तेव्हापासूनचा. एका वाचकांनी मागच्या वर्षी खरमरीत पत्र लिहिलं होतं: तुम्ही सारखं तेच ते बेल लॅब्ज आणि मरे हिल उगाळत बसता, नवीन काही आहे का? आहे. माझा देव गेला आणि त्या जागी अनिश्चितता आली. चेरीबाईंची आठवण काढायला एवढं निमित्त पुरे.

युनिक्स या संगणकप्रणालीची जन्मकथा पुन्हा सांगत नाही. बाई १९६६ मध्ये डेलावेअर विद्यापीठातली गणिताची पदवी घेऊन एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत आल्या, नोकरी सांभाळून स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवली आणि १९७२ पासून युनिक्स रचणाऱ्या केन थॉम्पसन, डेनिस रिची यांच्याच विभागात काम करू लागल्या. छंद रॅलीच्या मोटारी पळवण्याचा. थॉम्पसन आणि रिची यांना १९८३ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, ते योग्यच होतं. बाईंना अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय संस्थेचा तंत्रज्ञानातल्या अग्रणी स्त्रियांसाठीचा सन्मान मिळाला तो २०१८ मध्ये. आता ८ मार्चची भाषणं सुरू होतील. ॲडा लव्हलेस, ग्रेस हॉपर आणि तिथून एकदम आपल्या गावातल्या कुठल्यातरी कंपनीच्या संचालिका. मधली सगळी दशकं मोकळी. ज्यांची तसबीर मिळते त्यांनाच हार पडतो, हा आपल्याकडचा नियम संगणकाच्या इतिहासालाही लागू झालाय. चेरीबाईंनी मागे ठेवली ती अवजारं, आणि अवजाराला हार घालायला दसरा यावा लागतो.

यातलं सर्वांत चिवट अवजार म्हणजे बीसी. (मुंबईत हे नाव मोठ्याने घेताना जरा आजूबाजूला बघून घ्यावं.) दिवाळीच्या सुमारास मी मोबाइलमधल्या एका गणकाबद्दल लिहिलं होतं, ज्याला दोन आकड्यांची बेरीज करायच्या आधी आपण कुठे उभे आहोत हे कळायला हवं असतं. बीसी त्याच जातीचा, फक्त खानदानी. १९७५ च्या सुमाराला चेरी आणि रॉबर्ट मॉरिस यांनी तो लिहिला. हे मॉरिस म्हणजे १९८८ मध्ये इंटरनेटवर किडा सोडणाऱ्या चिरंजीवांचे तीर्थरूप. डीसी नावाचा आणखी जुना गणक आधीपासून होता, पण त्याला आकडे आधी आणि बेरजेचं चिन्ह मागून द्यावं लागे. बीसीने शाळेत लिहितो तसं गणित घ्यायचं, ते उलटं करून डीसीच्या हाती सोपवायचं आणि उत्तर आणून द्यायचं. आकडा कितीही लांब चालतो. दोनाचा हजारावा घात मागितला की ३०२ अंकी उत्तर शेवटच्या अंकापर्यंत मांडून देतो. शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन विचारलं तर बऱ्याच आधुनिक प्रोग्रॅमिंग भाषा ०.३०००००००००००००००४ असं काहीतरी सांगतात. बीसी सांगतो .३ आणि गप्प बसतो.

त्याचा हट्टही आवडण्यासारखा आहे. दहा भागिले तीन विचारलं तर तो ३ म्हणतो. दशांश स्थळं किती हवीत हे तुम्ही सांगितलं नाही, मग मी का ठरवू? गणिती फलनांसह चालवून पायची किंमत (एकाच्या आर्कटॅनची चौपट) काढली की ३.१४१५९२६५३५८९७९३२३८४४ मिळते. खरी किंमत ...८४६ अशी जाते. वीस स्थळांच्या पुढचं तो सरळ कापतो, जवळच्या अंकावर नेत नाही, आणि त्या कापलेल्याला मग चाराने गुणलं जातं. हे सगळं पुस्तिकेवरून आधीच समजतं. चूकही आधी सांगून करणारं यंत्र, म्हणून माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे.

आज तुमच्या यंत्रात असेल तो बीसी बाईंच्या हातचा नव्हे. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पासाठी फिलिप नेल्सन यांनी तो नव्याने लिहिला आणि त्यानंतरही कुणीकुणी लिहिला. शिल्लक राहिली ती भाषा: काय टाकायचं आणि काय मिळेल याचा करार. १९९२ मध्ये तो करार पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात गेला. २०१३ पासून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बांधताना घड्याळाच्या ठोक्यांचं मिलिसेकंदांत रूपांतर करायला लागणारे स्थिरांक बीसीमधल्या एका छोट्या फाइलीने काढून घेतले जाऊ लागले. त्याआधी ते काम पर्ल या भाषेकडे होतं. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच असतो. आमचं सॉफ्टवेअर पाच वर्षांत जुनं होतं, असं सांगून दरवर्षी वर्गणी मागणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा. करणार नाहीत, ते सोडा.

ईक्यूएनबद्दल मागे दोनदा लिहिलंय, म्हणून थोडक्यात आटपतो. ब्रायन कर्निहन आणि चेरी यांचा त्यावरचा निबंध १९७५ च्या मार्चमध्ये आला. गणिताची समीकरणं छापण्यासाठी बेल लॅब्जमधल्या टंकलेखिकांना द्यायची भाषा. ना गणित येतं ना जुळणी, अशा माणसाला ती तासाभरात शिकता यावी ही अट त्यांनी स्वतःला घालून घेतली होती. म्हणून गणिताचे मास्तर समीकरण मोठ्याने वाचतात तसंच टंकित करायचं: एक्स सब आय, ए ओव्हर बी. दोनतीन वर्षांनी डॉनल्ड नूथ टेक या जुळणीच्या प्रोग्रॅमच्या कामाला लागले आणि अपूर्णांकासाठी त्यांनीही ‘ओव्हर’च ठेवलं. शोधनिबंध लिहिणाऱ्या कित्येकांनी तो शब्द टंकला असेल. बेल लॅब्जच्या मरे हिलमधल्या टंकलेखिकांशी आपला काही संबंध आहे हे त्यातल्या कुणाच्या गावीही नसेल.

पण देव हरवला तो लेखनसहायकाने, तेव्हा मूळ मुद्द्यावर येऊ. चेरीबाईंनीही लेखनसहायक केला होता. खरं तर या सगळ्या सहायकांच्या आजीबाई त्याच.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘पार्ट्स’ हा प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजी मजकुरातला प्रत्येक शब्द नाम आहे, क्रियापद आहे की आणखी काही, हे तो ठरवायचा. जाडजूड कोश नाही. नेहमीच्या व्याकरणी शब्दांची आणि अनियमित क्रियापदांची एक लहान यादी, शब्दांच्या शेपटांचे नियम आणि शेजारपाजारच्या शब्दांवरून अंदाज. एवढ्या भांडवलावर तो जवळजवळ ९५ टक्के बरोबर यायचा. मग रटगर्स विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक विल्यम व्हेस्टरमन यांच्यासोबत त्यांनी ‘स्टाइल’ आणि ‘डिक्शन’ ही जोडी केली. नीना मॅक्डोनल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याभोवती आणखी प्रोग्रॅम रचले आणि झालं ‘रायटर्स वर्कबेंच’. १९८१ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीच्या ‘टुडे’ कार्यक्रमात चेरी आणि मॅक्डोनल्ड यांना बोलावून घेतलं गेलं, इतकी त्याची नवलाई होती.

आता हे चालायचं कसं ते बघा, आणि शेजारी आमच्या कचेरीतला सहायक ठेवा.

‘स्टाइल’ला मजकूर दिला की तो मजकुराला हात लावत नाही. तो मजकूर वाचतो आणि बाजूला एक पत्रक काढून देतो. वाक्यं किती, सरासरी किती शब्दांची, सगळ्यांत लांब वाक्य कितव्या क्रमांकाचं, साधी किती, मिश्र किती, कर्मणी प्रयोग किती टक्के, वाक्यांची सुरुवात किती वेळा नामाने आणि किती वेळा सर्वनामाने. मूळ फाइल जशीच्या तशी. युनिक्सच्या त्या घराण्यात सगळी अवजारं अशीच असत: एका बाजूने घ्यायचं, दुसऱ्या बाजूने द्यायचं, आलेल्या मालाची नासधूस करायची नाही. आमचा सहायक मूळ मजकुरावरच बसतो. जे होतं ते पुसलं जातं, आणि काय होतं हे फक्त लेखकाच्या डोक्यात उरतं. तेही लेखक म्हातारा नसेल तर.

पत्रकाच्या डोक्यावर वाचनसुलभतेचे आकडे असत. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथे आहे. एक सूत्र घेऊन एक आकडा देणं सोपं होतं. बाईंनी चार सूत्रांचे चार निकाल एकाशेजारी एक छापले: किनकेड, ऑटोमेटेड रीडॅबिलिटी इंडेक्स, कोलमन-लियाऊ, फ्लेश. हे चौघे एकमेकांशी सहमत नसत. एक म्हणे बारावीचा मजकूर, दुसरा त्याच मजकुराला कॉलेजात बसवी. हे मतभेद झाकायचा प्रयत्न नव्हता. चार पंच चार बोटं वर करताहेत हे लेखकाला दिसत होतं, त्यामुळे त्यातल्या कुणालाही देव मानायची पाळी त्याच्यावर येत नव्हती. आमच्या सहायकाच्या कोपऱ्यात हिरवं वर्तुळ असतं आणि त्यात एकच आकडा. माझ्या ‘देव जाणे’च्या लेखाला बदलांनंतर त्याने म्हणे ९२ गुण दिले. कशाचे? शंभरापैकी का? आणि आठ कापले ते कुणाच्या अपराधाबद्दल? पत्रक नाही, सूत्र नाही, मतभेद तर नाहीतच.

‘डिक्शन’चं तेच. त्याच्याजवळ लांबण लावणाऱ्या आणि चुकीच्या वापरल्या जाणाऱ्या सुमारे ४५० शब्दप्रयोगांची यादी होती. त्यातला एखादा सापडला की तो ते वाक्य दाखवी आणि खटकलेल्या भागाला चौकोनी कंस घाली. बदल सुचवत नसे. सूचना हवी असेल तर ‘एक्स्प्लेन’ नावाचा निराळा प्रोग्रॅम आपणहून उघडायचा आणि त्याला विचारायचं. विचारल्याशिवाय सल्ला नाही. ही सभ्यता प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवता येते, हे १९८१ मध्ये सिद्ध झालं होतं. माझी तर खात्री आहे की हल्लीचे सहायक बनवणाऱ्यांपैकी एकालाही आपलं वाक्य दुसऱ्याने बदललेलं छापून आल्याचा अनुभव नाही. पुरावा विचारू नका. खात्री आहे.

यावर आमचा एक मित्र म्हणतो, लोकांना पत्रक नको असतं, काम झालेलं हवं असतं. असेल. तो स्वतः सॉफ्टवेअर विकतो. पण कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निबंधलेखनासाठी हेच वर्कबेंच दिलं होतं. मुलं आपला निबंध त्यातून काढायची, पत्रक हातात घ्यायची आणि काय बदलायचं ते ठरवून निबंध पुन्हा लिहायची. आकड्यामागे धावणारी त्यातही निघाली असतीलच. परीक्षार्थी जगात सगळीकडे सारखे. पण आकड्यामागे धावायला निदान स्वतःचे पाय वापरावे लागत होते.

मग हे गेलं कुठे? ‘स्टाइल’ आणि ‘डिक्शन’ बर्कलीच्या युनिक्ससोबत काही वर्षं फिरले. एटी अँड टीने वर्कबेंच वेगळं काढून विकायला ठेवलं, आणि विकायला ठेवलेली अवजारं लोक विसरतात हा माझा जुना सिद्धांत आहे. वाचकांना तो पाठ असेल, म्हणून इथे आवरतो. ग्नूवाल्यांनी दोन्ही पुन्हा लिहिले आहेत. आजही बसवून घेता येतात. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी घ्यावेत.

मराठीवाल्यांना त्यांचा उपयोग नाही. आपल्याला हवा आहे तो बाईंचा तिसरा प्रोग्रॅम, जो टिकला नाही. त्याचं नाव ‘टायपो’.

हाही मॉरिस आणि चेरी यांचाच, १९७४ च्या आसपासचा. चुकीचे शब्द शोधायचे म्हणजे कोश हवा, असं आपण धरून चालतो. या दोघांनी मजकुरालाच पंच केलं. सगळा मजकूर चाळून कोणती दोन आणि तीन अक्षरं एकापुढे एक किती वेळा येतात याची मोजणी करायची. मग प्रत्येक शब्द या मोजणीवर तोलायचा. ज्या शब्दातल्या अक्षरांच्या जोड्या बाकीच्या मजकुराशी मुळीच जुळत नाहीत तो जास्त विचित्र. अशा विचित्रपणाच्या क्रमाने यादी लावायची आणि लेखकाच्या हाती द्यायची. इंग्रजीतले नेहमीचे अडीच हजारांहून थोडे अधिक शब्द यादीतून आधीच वगळलेले असत. इंग्रजीचा संबंध फक्त तिथे येत होता. बाकी रीत कुठल्याही भाषेची.

लवकरच कोशावर चालणारा ‘स्पेल’ आला आणि ‘टायपो’ मागे पडला. इंग्रजीला कोश परवडतो. एका शब्दाची चार रूपं, फार तर पाच. आपल्याकडे घर शब्दाचं घरासमोरच्यांनासुद्धा होतं आणि ते बरोबर असतं. म्हणून मराठी लिहायला बसलं की पडद्यावर निम्म्या शब्दांखाली लाल रेघा उमटतात आणि पहिल्या परिच्छेदानंतर माणूस लाल रेघांकडे बघायचंच सोडून देतो. त्यातच खरी चूक निसटते.

मी माझे जुने लेख एकत्र करून त्यांवर ही रीत चालवून पाहिली. एका माणसाच्या लेखांवरून काही सिद्ध होत नाही, ठाऊक आहे. यादीच्या डोक्यावर आली ती विशेषनामं: कर्निहन, व्हेस्टरमन, पॉझिक्स. साहजिक आहे, ती आमच्या मजकुरात पाहुणीच. त्यांच्या खालोखाल मात्र ‘स्तभां’ आणि ‘आहके’ निघाले. बोट घसरल्याच्या चुका, छापून गेलेल्या, आणि आजवर कुणाच्या नजरेस न पडलेल्या. ऱ्हस्व-दीर्घ त्याला कळत नाही. ‘मराठित’ त्याने बिनतक्रार सोडला, कारण ‘ित’ आपल्या मजकुरात हवे तितक्या वेळा येतो. शुद्धलेखनाचे मास्तर नाराज होतील. होऊ देत, त्यांच्यासाठी बाकी सगळं जग आहेच. ‘देव जाणे’ला त्याने हरकत घेतली नाही. का घेईल? माझ्या मजकुरात ते शब्द कायमचे वस्तीला आहेत, आणि मोजणी माझ्याच मजकुराची.

ज्यांना प्रोग्रॅम लिहिता येतो अशा वाचकांसाठी एक पेच सांगून ठेवतो. देवनागरीत तीन-तीन काय मोजायचं? ‘स्तंभ’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसतो. यंत्राच्या आत ती पाच चिन्हं असतात, हलन्त आणि अनुस्वार धरून. चिन्हं मोजली तर तिकडीत एखादं जोडाक्षरच मावतं: ‘क्ष’ एकटाच तीन जागा खातो आणि शेजाऱ्याबद्दल काही सांगत नाही. अक्षरं मोजली तर जोड्यांचे प्रकार इतके वाढतात की दोन हजार शब्दांच्या लेखात प्रत्येक तिकडी एकदाच येते आणि सगळेच शब्द विचित्र ठरतात. माझा कल अक्षरांच्या जोड्यांकडे आहे, तिकड्यांकडे नाही, आणि मोजणीसाठी त्या लेखकाचं निदान वर्षभराचं लेखन हवं. आमच्या कचेरीने तयारी दाखवली तर गेल्या वर्षाचे सगळे अंक द्यायला मी तयार आहे. संपादकांनी लगेच विचारलं, यादी उपसंपादकांकडे पाठवायची की थेट पानावर लावायची? लेखकाकडे पाठवायची, म्हटलं. त्यांनी ‘बघू’ म्हटलंय.